मी उभी होते

सिनेमाला मी माझ्या हौसेने गेले नव्हते. शुक्रवार होता, लेकीने चार तिकिटं काढली होती आणि माझा उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे मला एकटीला घरी ठेवायची तिची तयारी नव्हती. जणू मी डाव्या हाताने घर पेटवणार होते. मी शाल घेतली आणि निघाले. त्या मॉलमधल्या थेटरात मासळीवर बर्फ घालावा तसं माणसांना गार करून ठेवतात, हे मला आधीच्या एका अनुभवाने ठाऊक होतं.

सिनेमा नवा होता. घोड्यावरच्या बंदूकवाल्यांचा, अमेरिकेतला, जुन्या काळचा. न्याय आणि सूड अशी त्याची गोष्ट आहे, असं जावयांनी गाडीत सांगितलं. दोन्ही एकाच तिकिटात मिळणार म्हणून लेक खूश होती.

माझ्या शेजारी नात बसली, मला सगळं मराठीत सांगायला. नात नववीत आहे. शाळेत, मैत्रिणींत, फोनवर सगळीकडे इंग्रजी. घरात आम्ही मराठी बोलतो आणि ती मान हलवते. त्यामुळे पडद्यावरचा माणूस मिनिटभर बोलला की ती विचार करून मला सांगायची, "आजी, तो म्हणतो, तू माझ्या भावाला फाशी केलीस." पुढच्या माणसाने त्यावर काय उत्तर दिलं ते विचारेपर्यंत तो मेलेला असायचा.

गोष्ट मात्र मला समजली, कारण तिच्यात समजण्यासारखं फार नव्हतंच. एक माणूस परगावाहून घरी येतो. त्याच्या धाकट्या भावाला गुरं चोरली म्हणून गावच्या बड्या असामीने झाडाला टांगलेलं असतं. भावाने गुरं चोरलेली नसतात. त्या बड्या असामीच्याच माणसांनी ती विकलेली असतात. न्यायाधीश त्यांच्या पंगतीला बसणारा. मग हा माणूस घोड्यावर बसतो आणि एकेकाला शोधून मारत सुटतो. सात जण मी मोजले. मध्यंतरसुद्धा नव्हतं, आणखी थोडं लांबलं असतं तर आठवी मी झाले असते.

तीस वर्षं मी मालवणकडे बाजारात बसून मासळी विकली आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. माणूस काम करतो आहे की कामाचं सोंग करतो आहे, हे ओळखायला मला जास्त शाळा लागली नाही. या माणसाच्या अंगात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सदरा. तो धुतलेला एकदाही दाखवला नाही. घोड्याला दाणा नाही, पाणी नाही, आणि घोडा दिवसभर पळतो. स्वयंपाक कुणी करत नाही. मेलेल्यांना पुरायला कुणी येत नाही. सात माणसं मेली आणि त्यांतल्या एकाचीही बायको रडायला बाहेर आली नाही. सातही जण बिनलग्नाचे होते की काय, कोण जाणे.

डोंगर, खडी आणि धूळ दाखवायला तर निम्मा सिनेमा घातला होता. असा डोंगर मला इथे ओमानात, अल हैलच्या आमच्या गच्चीवरून रोज दिसतो. त्यासाठी अंधारात बसायची गरज नाही.

आणि मग त्याला गोळी लागते. उजव्याच खांद्यात. एक बाई त्याला घरात घेते, साध्या सुईदोऱ्याने खांदा शिवते, आणि दुसऱ्या सकाळी तो त्याच हाताने बंदूक चालवतो. मी माझ्या प्लास्टरकडे बघितलं. माझं मनगट मोडून तीन आठवडे झाले होते आणि मला अजून चमचा धरता येत नव्हता. केस लेक विंचरत होती, ब्लाउजचे हुक नात लावत होती. मी नातीला विचारलं, "याचा हात कुणी बांधला नाही?" ती म्हणाली, "आजी, तो हिरो आहे." ज्या बाईने खांदा शिवला तिचं घर मागाहून ते लोक जाळतात. तिचं पुढे काय झालं ते दाखवायचं सिनेमावाल्यांना सुचलं नाही.

इथपर्यंत मला नुसता कंटाळा आला होता. राग आला तो शेवटी. ती बडी असामी गुडघ्यांवर आलेली असते. भोवती सगळं गाव उभं असतं. तो काहीतरी बोलायला तोंड उघडतो. नात म्हणाली, "तो म्हणतो, ऐक, तुझ्या भावाने..." आणि धाडकन गोळी. संपलं. टाळ्या. शेजारच्या रांगेतल्या एका माणसाने शिट्टीही मारली.

मी नातीला विचारलं, "भावाने काय? काय सांगत होता तो?"

"माहीत नाही आजी. मेला ना तो."

गाडीत बसल्यावर लेक भारावलेली होती. ती म्हणाली की असंच पाहिजे, एकालाही सोडलं नाही. मग मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, आपणपण सोडायचं नाही त्याला."

तो म्हणजे कोण, हे इथे सांगायला हवं.

बरक्याला समुद्राला लागून मासळी बाजार आहे. दर एक-दोन आठवड्यांनी शुक्रवारी सकाळी आम्ही तिकडे जातो, कारण मॉलमधली मासळी मी खात नाही. सिनेमाच्या तीन आठवडे आधीच्या शुक्रवारी जावई आत सुरमईचा भाव करत होते, लेक आणि नात गाडीत थंड हवा लावून बसल्या होत्या, आणि मी पिशवी घेऊन बाहेर भिंतीला लागून असलेल्या फरशीवर उभी होते. उभी होते, चालत नव्हते. एक पिकअप मागे मागे आली, मागच्या फळीने मला कमरेत ढकललं आणि मी हातावर पडले. गाडीतून एक तिशीतला, दाढीवाला ओमानी माणूस उतरला. त्याच्या हातात फोन होता. त्याने मला उठवलं, पाणी दिलं, चांगलाच घाबरला होता. मी त्याला तेव्हा काही बोललेसुद्धा नाही.

मला इस्पितळात नेलं आणि तिकडे त्याने पोलिसांना सांगितलं की तो गाडी हळू मागे घेत होता आणि ही म्हातारी बाई न बघता चालत गाडीमागे आली. दुसऱ्या दिवशी मी माझं सांगितलं, तेही लिहून घेतलं गेलं. दोघांचं दोन तऱ्हेचं. साक्षीदार कुणी नाही, कारण लिलावाच्या वेळी सगळ्यांचे डोळे मासळीवर असतात. ते मी समजू शकते. माझेही असते.

आता गोष्ट अशी होती की मी माफ केलं असं लिहून दिलं असतं तर ती केस तिथेच मिटली असती. नाहीतर पुढे कोर्ट, आणि त्या माणसाचं लायसन्स जायची भीती. तो पाण्याचा टँकर चालवायचा. जावई एका हॉटेलात एसीची कामं बघतात, वीस वर्षं इथे आहेत, भांडणापासून चार हात लांब राहणारे आहेत. त्यांचं म्हणणं, आई, लिहून द्या, हाड काय, जुळेल. लेकीचं म्हणणं, त्याला धडा शिकवायचा. दोघंही माझ्या हाताबद्दल बोलत. मला हाताचं एवढं नव्हतं. सुरे लागून, काटे घुसून माझे हात आयुष्यभर फाटलेलेच होते. मला एकच खुपत होतं की सरकारी कागदावर मी न बघता गाडीमागे चालणारी बाई झाले होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईबद्दल असं काही लिहिलं की ते सगळ्यांना लगेच पटतं. लेकीलासुद्धा थोडंसं पटलं होतं. तोंडाने ती बोलली नाही, पण त्या दिवसापासून खालच्या दुकानात जाताना ती माझा दंड धरायला लागली.

म्हणून गाडीत मी तिला सांगितलं, "सिनेमा नीट बघितलास का तू? त्याचा भाऊ चोरच राहिला."

ती म्हणाली की असं कसं, सगळ्या गुन्हेगारांना मारलं की त्याने.

"म्हणूनच. भावाने चोरी केली नव्हती हे ज्या सात जणांना ठाऊक होतं, त्या सातांना याने मारून टाकलं. शेवटचा सांगत होता, त्याला बोलू दिलं नाही. आता गावाला काय दिसलं? चोराचा भाऊ आला आणि सात खून करून गेला."

जावई आरशातून माझ्याकडे बघून हसले. लेक म्हणाली, "आई, तू कशातच मजा घेऊ देत नाहीस." नात म्हणाली की याचा दुसरा भाग येणार आहे. मी म्हटलं, येऊ दे, घोडा तोपर्यंत पाण्यावाचून मेला नाही म्हणजे मिळवली.

दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी जावयांना फोन आला. टँकरवाल्याचा बाप भेटायला येऊ इच्छित होता. जावयांनी या म्हणून सांगितलं आणि मग मला विचारलं. चारच्या नमाजानंतर दोघं आले. बाप माझ्याच वयाचा, काटकुळा, अंगात पायघोळ पांढरी स्वच्छ दिशदाशा, काळपट पडलेले हात. हात बघून मी ओळखलं की हा जाळी ओढणारा माणूस आहे. मुलगा त्याच्यामागून आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर खाली बघत बसला. त्यांनी खजुराचा डबा आणि हलवा आणला होता. मला मधुमेह आहे. पण ते त्यांना कुठून ठाऊक असणार.

म्हाताऱ्याला हिंदी येत होतं. इथल्या समुद्राकाठच्या जुन्या लोकांना येतं, आमच्याकडच्या व्यापाऱ्यांशी त्यांचा व्यवहार असायचा. त्याने माझ्या हाताची चौकशी केली, देवाचं नाव घेतलं. लेकीने चहा आणला. जावयांना तेवढ्यात हॉटेलातून फोन आला, कुठल्याशा मजल्यावरचा एसी बंद पडला होता, आणि ते बोलत आतल्या खोलीत गेले.

म्हाताऱ्याने कप घेतला आणि समोर टेबलावर ठेवला. हात लावला नाही. मी वाट बघितली. तो समुद्राबद्दल बोलला, यंदाच्या मासळीबद्दल बोलला. कप तसाच. लेकीने बिस्किटं पुढे सरकवली. कप तसाच. वर साय धरायला लागली.

आमच्या बाजारात दोघी बायकांचं वाजलं की त्या एकमेकींच्या कळशीतलं पाणी पीत नसत. महिनोन् महिने. दुपारी घसा कोरडा पडला तरी पलीकडच्या हॉटेलात जाऊन मागत, पण शेजारणीचं नाही. आणि एकीने दुसरीचं पाणी घेतलं की भांडण मिटलं, त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. आणखी एका कारणाने काही लोक आमच्या घरचं पाणी घेत नसत, ते वेगळं. तेही मी लहानपणी पुरेपूर बघितलं आहे. म्हणजे माझ्या हिशेबाने माझ्या घरात बसून माझा चहा न घेणारा माणूस एक तर भांडायला आला होता, नाहीतर मला कमी लेखत होता. आणि वर गोड बोलत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी म्हटलं, "बाबा, मेरे घर में बैठा है, तो मेरा चाय पियो. नहीं पीना, तो उठो."

लेकीने कपाळाला हात लावला. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "पियूं, अम्मा? सच्ची?"

"हां, पियो. ठंडा हो गया."

त्याने कप उचलला, एका दमात संपवला, खाली ठेवला आणि हात छातीवर ठेवून मान झुकवली. त्याचे डोळे भरून आले होते. दाराजवळचा मुलगा उठून उभा राहिला. चहासाठी एवढं होणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

जावई फोन संपवून बाहेर आले. त्यांनी रिकामा कप बघितला, म्हाताऱ्याचा चेहरा बघितला आणि मला मराठीत विचारलं, "आई, तुम्ही त्यांना पी म्हणालात का?"

मी म्हटलं, म्हणाले, त्यात काय झालं.

मग त्यांनी सांगितलं. इथे काही मागायला आलेला माणूस समोरच्या कपाला हात लावत नाही. तो तसाच बसतो. घरच्याने पी म्हटलं की मागणं मान्य झालं असं समजायचं. म्हणजे मी त्या माणसाच्या मुलाला माफ केलं होतं. वर, नाही तर ऊठ, असंही बजावलं होतं.

लेक म्हणाली की हे काय, आईला ठाऊक नव्हतं, हे धरायचं नाही, तुम्ही त्यांना समजावून सांगा.  जावयांना ते सांगणं जमणार नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. वीस वर्षं जिथे राहिलो तिथल्या म्हाताऱ्या माणसाला, तुमचा कप परत भरा, असं कसं सांगायचं.

मी विचार केला. माझ्या बाजारातही पाणी प्यायल्यावर मागे फिरता येत नव्हतं. मी स्वतःच्या तोंडाने पी म्हटलं होतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण माझं खुपणं तिथेच होतं. कप रिकामा झाला म्हणून ते गेलं नव्हतं.

मी म्हाताऱ्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की चहा दिला तो दिला, मी शब्द फिरवणार नाही, उद्या सहीही करीन. पण तुझा मुलगा खोटं बोलला आहे. माफी मी त्याने केलेल्या गोष्टीची देईन, न केलेल्या गोष्टीची कशी देऊ.

म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत त्याने विचारलं, "अम्मा, तुम किधर था?"

तीन आठवड्यांत घरात रोज माझ्या हाताचं बोलणं निघालं होतं. मी कुठे होते हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. भिंत, फरशी, बर्फाच्या यंत्राकडचं टोक, हातात पिशवी. तो बाजार त्याचा रोजचा होता. तो मान हलवत ऐकत होता आणि माझ्या लक्षात आलं की त्या टोकाला चालत जायला वाटच नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मग तो मुलाशी अरबीत बोलला. आवाज चढवला नाही. दोन-तीनच वाक्यं.  लेक पुढे सरकून बसली होती, तिला बहुधा काल पडद्यावर बघितलं तसं काहीतरी हवं होतं. मुलगा शेवटी हिंदीत म्हणाला, "अम्मा खडा था. मैं मोबाइल देखता था."

एवढंच. कुणी गुडघ्यांवर आलं नाही. मी म्हटलं, हेच उद्या तिकडे सांग. तो हो म्हणाला. मी म्हटलं, खलास. म्हाताऱ्याने दुसरा कप मागितला आणि तो सावकाश, बिस्किट बुडवून प्यायला.

ते गेल्यावर लेक म्हणाली, "एवढंच हवं होतं तुला?"

मी म्हटलं, हो, आणि आता दंड धरायचा नाही. ती कप उचलून आत गेली.

रविवारी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मुलगा आधीच येऊन बसला होता, बाप बरोबर नव्हता. त्याने टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला सांगितलं. जावई माझ्या कानाशी एकेक वाक्य मराठीत करत होते, नातीपेक्षा बरं. अधिकाऱ्याने लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. सगळं अरबीत. मी जावयांना म्हटलं, "उभी हा शब्द कुठला ते दाखवा." त्यांनी अधिकाऱ्याला विचारून बोट ठेवलं. छोटासा शब्द होता, मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही, पण मी तो बघून घेतला. मग डाव्या हाताने सही केली. चौथीतल्या माझ्या अक्षराहून वाईट आली. अधिकाऱ्याने हेच तुमचं नाव का म्हणून विचारलं. मी म्हटलं, उजवा हात असता तर वाचता आलं असतं.

बाहेर आल्यावर त्या मुलाने पिकअपची मागची फळी उघडली, तीच ती, आणि बर्फाच्या पेटीतून एक मोठी सुरमई काढली. बापाने पाठवली होती. जावई हात जोडून नको नको म्हणत होते. मी पुढे झाले, डाव्या अंगठ्याने तिचा कल्ला उचलला आणि आत बघितलं. लाल नव्हता, विटकरी होता.

मी म्हटलं, "ये कल का है."

जावई कानकोंडे झाले. मुलाने मात्र लगेच मान हलवली. "हां अम्मा, कल का है."

पहिल्या वेळी त्याला तीन आठवडे लागले होते.

सुरमई घेतली. तळायच्या लायकीची नव्हती, म्हणून कोकम जास्त टाकून तिखलं करायला सांगितलं. लेकीने केलं. मीठ कमी पडलं होतं.